७२० वाक्यं आणि एक झाड

निखिल आणि वसुधाताई एकाच प्रकल्पावर काम करतात आणि समोरचा उगाच उरस्फोड करतोय असं दोघांनाही मनापासून वाटतं. निखिल कंपायलर लिहिणाऱ्यांतला. नियम द्यायचे, यंत्राने ते वाक्याला लावून झाड उभं करायचं, ही त्याची रीत. वसुधाताईंनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. आता त्या मराठी वाक्यांची ट्रीबँक करतात, म्हणजे एकेक वाक्य घेऊन कुठलं पद कुठल्या पदाशी जोडलेलं आहे ते रेघ ओढून दाखवतात. शब्द हवे तसे फिरवता येणाऱ्या भाषेचं व्याकरण यंत्राला सांगायचं कसं, यावर त्यांचं जे भांडण चालतं त्यातला एक लांबलेला तुकडा खाली आहे. मधेमधे माझी लुडबुड आहे. लिहून घेणाऱ्याला तेवढा हक्क असावा.

निखिल : चॉम्स्कीने १९५६-५७ मध्ये जी चौकट मांडली तिच्यात सोय फार आहे, ताई. वाक्य म्हणजे नामगट आणि क्रियागट, क्रियागट म्हणजे क्रियापद आणि नामगट. असे कॉन्टेक्स्ट-फ्री नियम दिले की पुढचं अल्गोरिदम बघतो. शब्द एन असतील तर वेळ एन-क्यूब. वीस शब्दांना आठ हजार पावलं. यंत्राला हे काहीच नाही.

वसुधाताई : इंग्रजीला चालेल. कोण आधी, कोण नंतर हे तू नियमातच कोंबलंस. माझं वाक्य घे. 'रमाने काल स्टेशनवर शेजारच्या मुलाला पुस्तक दिलं.' क्रियापद शेवटी धरलं तर उरलेल्या पाच तुकड्यांचे १२० क्रम. बोलताना आपण क्रियापदही हलवतो, 'दिलं ना पुस्तक रमाने काल' म्हणतो. तेही धरलं तर ७२०. काही अवघडलेली वाटतील, पण मराठीच. तू ७२० नियम लिहिणार?

निखिल : एवढा आडमुठा नाही मी. गझदर, पुलम वगैरे मंडळींनी १९८०च्या दशकात यावर तोड काढली. नियमाचे दोन भाग करायचे. कोण कोणाच्या पोटात हे एकीकडे लिहायचं आणि कोण कोणाच्या आधी हे वेगळं. मराठीसाठी दुसरी यादी जवळजवळ कोरी ठेवायची. झाले ७२० क्रम एका नियमात.

वसुधाताई : मग घोडं कुठे अडलं?

निखिल : वेळेत. स्टुअर्ट शीबरने १९८४ मध्ये अशा व्याकरणाचा पार्सर, म्हणजे वाक्याचं झाड काढून देणारा अल्गोरिदम, दिला आणि तो झपाट्याने चालेल असं मांडलं. पुढच्याच वर्षी एडवर्ड बार्टनने दाखवलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे झटपट उत्तराची आशा जवळपास सोडायची. कारण साधं आहे. क्रम ठरलेला असेल तर 'मी नियमात कितव्या जागेवर आहे' एवढंच लक्षात ठेवायचं. क्रम मोकळा सोडला की 'यादीतलं काय काय येऊन गेलं आणि काय उरलं' हे ठेवावं लागतं. पाच गोष्टींच्या अशा ३२ शक्यता, दहांच्या १,०२४. अर्थात बार्टनच्या सिद्धतेत नियम हवा तेवढा लांब होऊ शकतो, आणि आपल्या क्रियापदांना इतके जोडीदार लागत नाहीत.

वसुधाताई : म्हणजे चालतं.

निखिल : चालतं. पण मोकळीक फुकट मिळत नाही, एवढं बार्टनमुळे कळलं.

वसुधाताई : मला ते सगळं उलट्या टोकाने सुरू केल्यासारखं वाटतं. मोरोपंतांची आर्या शाळेत शिकताना गुरुजी काय करायला लावायचे? अन्वय. संस्कृतात त्याच्या दोन पद्धती. दण्डान्वयात श्लोकातली पदं उचलून गद्याच्या ठरावीक क्रमाने मांडायची, कर्ता इकडे, कर्म तिकडे, क्रियापद शेवटी. खण्डान्वयात क्रियापद पकडायचं आणि त्यालाच प्रश्न विचारायचे. दिलं. कोणी? रमाने. काय? पुस्तक. कोणाला? मुलाला. कुठल्या मुलाला? शेजारच्या. पदं जागची हलवायचीच नाहीत. तुझी सगळी मंडळी दण्डान्वय करत बसली आहेत. आधी एक 'खरा' क्रम मानायचा आणि बाकीचे ७१९ त्याच्यापासून बिघडलेले समजायचे.

इथे मला टाळी द्यावीशी वाटली. खण्डान्वयात जे झाड उभं राहतं तेच फ्रान्सच्या ल्युसियें तेनिएरने आपल्या ग्रंथात मांडलं. क्रियापद माथ्यावर, बाकीचे त्याच्याखाली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये निघाला. डिपेंडन्सी म्हणून आज जे चालतं त्याची पश्चिमेतली मुळं बरीचशी तिथे आहेत. झाडात फक्त कोण कोणावर अवलंबून हे दिसतं, डावं-उजवं नाही. त्यामुळे ताईंच्या ७२० वाक्यांचं झाड एकच.

निखिल : प्रश्न विचारायचे हे माणसाला सांगणं सोपं आहे. यंत्राला 'कोणी?' कसं कळणार?

वसुधाताई : विभक्तीवरून. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या गटाने आयआयटी कानपूरला हेच केलं. पाणिनीची कारकं घेतली. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. प्रत्येक क्रियापदाचा एक तक्ता केला, की याला कुठली कारकं लागतात आणि ती कुठल्या प्रत्ययाने येतात. मग अटी घातल्या. आवश्यक कारक एकदाच भरायचं, ऐच्छिक फार तर एकदा, आणि प्रत्येक पद कुठेतरी एकदाच लागायचं. क्रमाचा उल्लेखच नाही. संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १९९३ साली मांडलंय हे.

त्या लेखाच्या लेखकांमध्ये नाव आहे 'अक्षर भारती'. हे कोणा माणसाचं नाव नाही, त्या गटाचंच आहे. ताईंना याचं फार कौतुक.

निखिल : ठीक. 'मुलाने दगडाने काच फोडली.' दोन ने. फोडलं कोणी?

वसुधाताई : मुलाने. दगड साधन आहे.

निखिल : हे तुमच्या तक्त्याने नाही, तुमच्या अनुभवाने सांगितलं. 'दगडाने काच फोडली' म्हटलं तर तोच दगड कर्ता होऊ बघतो. आता 'आईने मुलाला डॉक्टरला दाखवलं'. दोन ला. आणि 'रमाने सीमाला मीनाला दाखवलं' हे घ्या, इथे तर अनुभवही हात टेकतो.

वसुधाताई : त्यालाच योग्यता म्हणतात. आपल्याकडे शाब्दबोधाच्या, म्हणजे वाक्याचा अर्थ कळण्याच्या, अटी तीन : आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची गरज, मग योग्यता आणि सन्निधी. दगडाला इच्छा नसते, हे माहीत असणं वाक्य समजण्याचाच भाग आहे.

निखिल : सापडलात! तिसरी अट काय म्हणालात? सन्निधी, म्हणजे जवळ असणं. क्रमाला महत्त्व नाही म्हणता आणि तुमचेच नैयायिक, मीमांसक जवळीक मागतात. आणखी सांगतो. 'मोठा मासा लहान मासा गिळतो.' प्रत्यय कुठेय? दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही एकवचनी, क्रियापद दोघांशीही जुळतं. कोण पोटात गेलं हे तुम्हाला क्रमावरूनच कळलं. उलटवून बघा, 'लहान मासा मोठा मासा गिळतो'. बिचारा मोठा मासा!

वसुधाताई : (हसत) म्हणून तर तिथे आपण 'लहान माशाला' म्हणतो. प्रत्यय असला की क्रम सैल, प्रत्यय गेला की घट्ट. हे मला कबूलच आहे.

निखिल : मग 'मुक्त शब्दक्रम' म्हणू नका.

वसुधाताई : नाहीच म्हणत. पदक्रम म्हण, किंवा पदसमूहांचा क्रम. हे बघ. 'काळ्या घोड्याने पांढऱ्या गाढवाला लाथ मारली.' घोडा आणि गाढव यांची जागा खुशाल बदल. पण 'काळ्या'ला घोड्यापासून तोडून गाढवाशेजारी ठेव : 'काळ्या गाढवाला पांढऱ्या घोड्याने लाथ मारली.' रंगच बदलले. संस्कृतात असं होणार नाही. तिथे काळेपणा घोड्याची विभक्ती अंगावर घेऊन फिरतो, त्यामुळे वाक्यात कुठेही उभा राहिला तरी कुणाचा ते कळतं. मराठी विशेषण सामान्यरूपाच्या 'या'वर थांबतं, आणि 'लाल'सारखं असेल तर तेवढंही बदलत नाही. दोन्ही विशेषणांना तोच 'या', मग ओळखायचं कसं? शेजारावरून. म्हणून मराठीत गट फिरतात, गटातले शब्द फिरत नाहीत. संगल मंडळींनीही आधी शब्दांचे असे स्थानिक गट बांधून घेतले आणि मगच कारकांकडे वळले.

माझ्या मते या भांडणातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच. 'मराठीत शब्दक्रम मुक्त आहे' असं व्याकरणाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं. नेमकं काय मोकळं आणि काय बांधलेलं हे विशेषणाच्या एका 'या'वरून ठरतं, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातली वार्लपिरी भाषा या बाबतीत संस्कृतच्याही पुढे आहे. केन हेल या भाषावैज्ञानिकाने १९८३ मध्ये तिच्यावर जो लेख लिहिला त्याने चॉम्स्कीच्या घराण्यातच खळबळ उडाली. वार्लपिरीत नाम आणि त्याचं विशेषण वाक्याच्या दोन टोकांना असू शकतात, कारण दोघेही विभक्तीचा प्रत्यय घेऊन येतात. गंमत अशी की इतक्या मोकळ्या भाषेतही एका सहायक घटकाची जागा ठरलेली आहे, ती म्हणजे दुसरी.

निखिल : म्हणजे शेवटी प्रश्न 'किती मोकळं' हाच. आणि ते मोजण्याची पट्टी कोणी दिली? नियमवाल्यांनी.

वसुधाताई : दाखव पट्टी.

निखिल : अरविंद जोशींपासून सुरू करतो, म्हणजे तुम्हाला रागवता येणार नाही. जन्म पुण्याचा, १९२९. पुणे विद्यापीठातून इंजिनिअर, मग बंगळूर, मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. तिथल्या ज्या प्रकल्पात ५०च्या दशकाच्या शेवटी युनिव्हॅक या तेव्हाच्या संगणकावर इंग्रजीचा पार्सर चालवला त्यात ते होते. १९७५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर मांडलं. क्रियापद आणि त्याचे सगळे जोडीदार एका छोट्या झाडात आधीच बसवून ठेवायचे. मग ते झाड मधोमध उघडायचं आणि त्यात दुसरं झाड घुसवायचं. जोडीदार लांब ढकलले गेले तरी नातं तुटत नाही. याची गरज किती होती ते शीबरने १९८५ मध्ये सिद्ध केलं. झुरिककडच्या जर्मन बोलीत कर्मं ओळीने आधी येतात आणि त्यांची क्रियापदं त्याच ओळीने नंतर. प्रत्येक क्रियापद आपापल्या कर्माला ठरावीक विभक्ती लावतं. साध्या कॉन्टेक्स्ट-फ्री नियमांत हे मावत नाही.

वसुधाताई : आणि किंमत?

निखिल : एनचा सहावा घात. वीस शब्दांना सहा कोटी चाळीस लाख पावलं. मघाशी आठ हजार होती.

वसुधाताई : एवढे पैसे मोजून मराठी मावते का?

निखिल : जर्मनच मावली नाही! जोशींनीच बेकर आणि रॅम्बो यांच्याबरोबर १९९१ मध्ये दाखवलं. 'फ्रिज दुरुस्त करायचं वचन कोणी दिलेलं नाही' अशा तऱ्हेच्या जर्मन वाक्यांत आतल्या क्रियापदांची कर्मं बाहेरच्या कर्त्याच्याही आधी, कुठल्याही क्रमाने जाऊन बसतात. ट्री-अ‍ॅडजॉइनिंगमध्ये ती शब्दांची माळ निघेल, पण कोण कोणाचं हे बरोबर लागेलच असं नाही. आणि या सगळ्याचा गाळीव अर्क म्हणजे मिक्स नावाची भाषा. फक्त तीन अक्षरं, ए, बी, सी. तिन्ही सारख्या संख्येने आली पाहिजेत, क्रम वाट्टेल तो. शुद्ध मोकळीक. जोशींचं म्हणणं होतं की माणसाची भाषा इतकी बेबंद नसते, तेव्हा चांगल्या व्याकरण-चौकटीत मिक्स बसताच कामा नये. बरीच वर्षं कोणालाच ठरवता आलं नाही. मग २०११ मध्ये सिल्व्हां साल्वातीने दाखवलं की थोड्या अधिक ताकदीच्या, तरीही आटोक्यातल्या एका चौकटीत मिक्स बसते. त्याची सिद्धता चक्क प्रतलावरच्या वक्ररेषांच्या भूमितीतून येते. पुढच्या वर्षी कानाझावा आणि साल्वाती यांनी दुसरी बाजूही लावून दिली. जोशींच्या मूळ चौकटीत ती बसत नाही.

वसुधाताई : गणित सुंदर आहे. पण ए, बी, सी बोलतं कोण?

निखिल : कोणी नाही. पण कुंपण कुठे आहे हे माहीत नसेल तर भाषा कुंपणाच्या आत आहे की बाहेर हे कसं सांगणार? तुमच्या झाडांना कुंपणच नाही. रेघ कुठूनही कुठेही ओढा.

वसुधाताई : ओढता येते, पण फारशी ओढावी लागत नाही. सन्निधी म्हणजे तेच. रेघा एकमेकींना छेदत नाहीत. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी संस्कृत श्लोकांत सन्निधी कुठे मोडते ते पाहिलं, तर मोडणाऱ्यांत मुख्यतः विशेषणं आणि षष्ठी. प्रागच्या चेक ट्रीबँकेत छेदणाऱ्या रेघा असलेली वाक्यं सुमारे २३ टक्के, पण एकूण रेघांपैकी त्या दोन टक्क्यांच्याही आत. मोकळीक आहे, उधळपट्टी नाही.

निखिल : आणि त्या दोन टक्क्यांचं काय करायचं? मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छेदणाऱ्या रेघांना पूर्ण मुभा देणारा पार्सर केला. सगळ्या शब्दांमधून सर्वांत वजनदार झाड निवडायचं. विचित्र म्हणजे तो एन-स्क्वेअरमध्ये चालतो, साध्या नियमांपेक्षाही स्वस्त! पण एक अट आहे. प्रत्येक रेघेचा विचार सुटा करायचा. दोन रेघांनी एकमेकींकडे बघितलं की गेलं. 'एका क्रियापदाला कर्ता एकच' ही तुमची पाणिनीय अट दोन रेघांना एकमेकींकडे बघायलाच लावते. अशा अटी सरसकट घातल्या की प्रश्न पुन्हा बार्टनच्या गावाला.

वसुधाताई : साध्या वाक्यात ते जोड्या जुळवण्याच्या गणितात बसतं. तिथे अडत नाही.

निखिल : साध्या वाक्यात कुणाचंच अडत नाही, ताई.

मी विचारलं, आता मोठी भाषा-मॉडेलं नियम न लिहिताच हे सगळं करतात ना? दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं. निखिल म्हणाला, करतात, पण कुठे चुकली हे सांगायला झाडच लागतं. ताई म्हणाल्या, आणि मराठीची झाडं आहेत किती? जगभरच्या भाषांचा जो सामायिक ट्रीबँक-संग्रह आहे त्यात मराठीची पाचशेही वाक्यं नव्हती, मी पाहिलं तेव्हा. त्या रागातच त्या या प्रकल्पात आल्या.

निखिलने मग असा मुद्दा काढला की ताई जरा थांबल्या. एका झाडात ७२० वाक्यं मावतात हे कौतुक खरं, पण ती ७२० एकाच प्रसंगी बोलली जात नाहीत. 'रमाने काय दिलं?' याला 'पुस्तक रमाने दिलं' असं उत्तर कोणी देत नाही. ते 'पुस्तक कोणी दिलं?' याचं उत्तर. पुस्तक पुढे आलं की ते 'ते' पुस्तक होतं, आधी बोलण्यात आलेलं. क्रियापदाच्या लगेच आधीची जागा ठसक्याची. झाडाने हे सगळं फेकून दिलं. ताईंनी हे मान्य केलं. प्रागवाले आपल्या झाडात कुठलं पद आधीच माहीत असलेलं आणि कुठलं नवं याचीही खूण करतात. आपल्या प्रकल्पाच्या नियमावलीत तो रकानाच नाही, असं त्या म्हणाल्या. त्या रकान्यासाठी पैसे कुठून आणायचे, हा विषय दोघांनीही तिथेच सोडला.

वसुधाताई : बरं, कालचं वाक्य. तुझ्या पार्सरने माती खाल्लेलं. 'भाजी मी त्याला आणायला सांगितली होती.'

निखिल : माती नाही खाल्ली. त्याने भाजी 'सांगितली'खाली लावली. 'सांगितली' स्त्रीलिंगी आहे, भाजीशी जुळते. मग भाजी तिचीच. रेघा छेदत नाहीत, सगळं नीट.

वसुधाताई : जुळते, पण तिची नाही. क्रियापदाला प्रश्न विचार. काय सांगितली? भाजी सांगितली?

निखिल : हॉटेलात हेच म्हणतो की आपण.

वसुधाताई : हॉटेलात त्याचा अर्थ 'मागवली'. इथे भाजी आणायची आहे. मी 'आणायला'खाली लावणार. 'मी' आणि 'त्याला' 'सांगितली'चे. छेदल्या रेघा तर छेदू देत.

निखिल : छेद काढायला मला वेगळा पार्सर लागेल. तुम्ही फक्त नियमावलीत लिहा, की क्रियापद ज्याच्याशी जुळतं ते त्याच्याखाली लावावं. एका ओळीने अशी सगळी वाक्यं सरळ होतील.

वसुधाताई : लिहिते. पण आधी हे लावून दाखव. 'पोळ्या कुत्र्याला मी तिला घालायला सांगितल्या होत्या.'

निखिल : पोळ्या सांगितल्याखाली, जुळतात म्हणून. 'मी' आणि 'तिला' सांगितल्याचेच.

वसुधाताई : आणि कुत्र्याला?

निखिल : 'घालायला'चा. तो जुळत नाही कशाशी... म्हणजे त्याची रेघ 'मी' आणि 'तिला'च्या डोक्यावरून जाणार, दोन छेद. नाहीतर त्यालाही 'सांगितल्या'खाली लावायचं.

वसुधाताई : मग मी कोणाला सांगितलं? तिला की कुत्र्याला?

निखिल : तुमच्या पद्धतीने किती छेद?

वसुधाताई : चार.

निखिल : चार! रेघा ओढून झालेल्या वाक्यांत अशी किती आहेत ते आधी मोजू. दोन टक्क्यांच्या आत असली तर माझी ओळ जाऊ दे नियमावलीत, कुत्र्यासाठी अपवाद लिहू.

वसुधाताई : मोजू. पण मोजणीसाठी रेघा माझ्या पद्धतीने ओढलेल्या धरायच्या. तुझ्या धरल्या तर उत्तर शून्यच येईल.